फुलापानांसाठी टाके निवडताना

भरतकामाच्या जाळीदार कॅनव्हासवर फुले भरायला घेताना टाक्यांच्या नावांआधी पाकळीचा आकार नीट पाहावा. पाकळी रुंद असेल, तर लांब-आखूड टाके कडेकडून फुलाच्या मध्याकडे न्यावेत, म्हणजे छटा एकमेकींत सहज मिसळतात. सलग लांब भरीव टाक्यांत मात्र नखे-बांगड्या अडकून धागा ओढला जातो, त्यामुळे ते अरुंद पाकळ्यांपुरतेच ठेवावेत. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचे टाके विरुद्ध दिशांना तिरपे घेतले, की एकाच हिरव्या धाग्यावर उजेड दोन तऱ्हांनी पडतो आणि शीर वेगळी न भरताही उठून दिसते. मला तर ही पद्धत सर्वांत प्रिय आहे. इवल्या कळ्यांना साधा टेंट टाका, म्हणजे जाळीच्या एका छेदावरचा छोटा तिरपा टाका, पुरतो. परागांच्या फ्रेंच गाठी, म्हणजे सुईभोवती धागा गुंडाळून केलेल्या उठावदार गाठी, अगदी शेवटी घालाव्यात, नाहीतर काम करताना त्या हाताखाली दबतात.