"मॅडम, आम्ही खान्देशचे, आम्हाला कुठं ऊन लागतं?"

आखातात शिकवायला गेलेल्या मास्तर लोकांचे फोन मला, समुपदेशक म्हणून, मे-जूनमध्ये हमखास येतात आणि रडगाणं जवळपास एकच असतं, पगार चांगला आहे, शाळा चांगली आहे, पण अंगात जीव नाही, मन लागत नाही, मी कमजोर आहे का, परत येऊ का? प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकाची गोष्टच सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

रमेशसर अमळनेर तालुक्यातले. गणित शिकवतात. वय छत्तीस, बायको, एक मुलगी, आईवडील सगळे इकडे, आणि सर ओमानमधल्या मस्कतला एका भारतीय शाळेत. तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे माणूस विमानातून उतरतो तोच उन्हाच्या तोंडात. जायच्या आधी सगळ्यांनी सांगितलं, तिथं गरम फार असतं हं, तर हे हसले. जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत डोक्याला रुमाल बांधून मोटारसायकल हाणणारा माणूस, त्याला काय सांगता!

पाच आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर बसले तेव्हा पहिलं वाक्य अहिराणीत आलं, "मॅडम, माले काय व्हई ऱ्हायनं तेच समजत नही." शाळेतून आले की पलंगावर पडायचं ते थेट रात्री नऊला उठायचं, मग झोप नाही. डोकं जड. वर्गात पोरांवर खेकसायचे आणि नंतर स्वतःलाच वाईट वाटायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बायकोने झोक्यावर बसलेल्या मुलीचा व्हिडिओ पाठवला तर बाथरूममध्ये जाऊन रडले, हे सांगताना पण मान खाली.

आता माझी चूक सांगते. मी सरळ घरची आठवण म्हणून ते खात्यात टाकलं. रोज घरी फोन करा, चार मराठी माणसं शोधा, वही लिहा, असलं सगळं ठरलेलं सांगितलं. दोन आठवडे झाले, काडीचा फरक नाही, उलट घरच्यांशी बोलून जास्तच कासावीस व्हायचे, कारण वडील म्हणायचे की इतकी थंडगार एसीची नोकरी आणि तुला काय झालंय रे. तिसऱ्या वेळी मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं सर, कालचा दिवस सांगा, उठल्यापासून, तासातासाने, काही गाळू नका.

तेव्हा कुठं खरं चित्र दिसलं.

सकाळी नळ सोडला तर पाणी चटके देणारं, कारण टाकी गच्चीवर. (तिथले जुने लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्यातलं साठलेलं पाणी आंघोळीला वापरतात, ते घरात असतं म्हणून जरा गार. ही युक्ती ह्यांना महिनाभर कोणी सांगितलीच नव्हती.) बसस्टॉपपर्यंत सात मिनिटं चालून शर्ट पिळून निघायचा, तसेच ओले वीस डिग्रीच्या स्टाफरूममध्ये. दिवसाला सहा तास शिकवणं, मध्ये लघवीला जायला सवड नाही म्हणून पाणीच प्यायचे नाहीत, चहा मात्र चार कप. दुपारी घरी, पडदे लावलेले, एसी फुल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. ऊन अंगावर पडायचं ते फक्त ती सात मिनिटं!

मी त्यांना विचारलं, सर, तुमच्या घरी माठाचं पाणी वैशाखात गार होतं, मग श्रावणात का नाही होत? गणिताचे मास्तर असले तरी शास्त्र येतंच की, म्हणाले, हवा दमट असते, पाणी झिरपतं पण उडत नाही. म्हटलं, तुमचं अंग तोच माठ आहे. खान्देशातली उन्हाळ्याची हवा कोरडी ठाक, घाम आला की उडतो आणि उडताना अंग गार करतो. मस्कत समुद्राला लागून, घाम नुसता ओघळतो, गार काही करत नाही. आकडा कमी दिसला तरी अंगाला जास्त भारी. आणि आपल्याकडं निदान रात्री गच्चीवर पाणी मारून झोपता येतं, तिकडं रात्र पण सोडत नाही. मस्कतजवळच्या कुरियातला २०१८ च्या जूनमध्ये एक अख्खा दिवस-रात्र पारा ४२.६ च्या खाली उतरलाच नव्हता. हे ऐकून सर पहिल्यांदा मोकळं हसले. "म्हणजे मी फुसका नाही ना मॅडम?"

नाही. पण माझ्या मते अर्धीच गोष्ट घामाची होती. आपण म्हणतो आम्हाला उन्हाची सवय आहे, ती नुसती अंगाची नसते हो, ती अख्ख्या गावाची असते. दुपारी एक ते चार बाजाराचं शटर अर्धं खाली, कोणी कोणाला फोन करत नाही, ओल्या वाळ्याचा वास, पन्हं, पाचनंतर ओट्यावर सगळे बाहेर. ऊन सगळ्यांचं असतं, म्हणून एकट्याला जड जात नाही. सरांकडं ऊन होतं, ही व्यवस्थाच नव्हती, ती पुन्हा बांधायची होती.

आधी डॉक्टरकडे पाठवलं, कारण असल्या थकव्याला मनाचंच कारण असेल असं धरून बसणं बरं नाही, मी एकदा धरलंच होतं. साखर, थायरॉइड ठीक, ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. उन्हाच्या देशात राहून! पण दिवसभर पडद्याआड बसल्यावर काय होणार. त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या.

मग बारीकसारीक गोष्टी. दप्तरात जास्तीचा बनियन आणि नॅपकिन, शाळेत पोचल्यावर आधी कोरडं व्हायचं मग एसीत बसायचं. हेडमास्तरांशी बोलून मधला एक तास पुढं-मागं करून घेतला, पाणी आणि लघवी दोन्हीला सवड. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. चहा दोन कपांवर, आणि तिकडं लबन म्हणून ताकासारखं मिळतं ते जेवताना. एसी २५-२६ वर, कारण कायम गारठ्यात बसलं तर अंग बाहेरच्या हवेला सरावतच नाही, एरवी रोज थोडं थोडं बाहेर राहिलं तर आठवडा-दोन आठवड्यांत अंग बरंच शिकतं. पहाटे साडेपाचला वीस मिनिटं चालणं. दुपारची झोप अर्धा तास, गजर लावून. आणि हो, कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, झोकांड्या जायला लागल्या तर तिथं समुपदेशन नको, सरळ दवाखाना.

सगळ्यात जड होता रविवार. ओमानला सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी शाळा, आणि इकडं रविवारी अख्खं घर शेवभाजी हाणत बसलेलं, त्याचे फोटो ह्यांना पाचव्या तासाला. फोटो बंद नाही करायला सांगितले, फक्त फोनची वेळ बदलली. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं, त्यांचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपले आठ, मुलगी जेवायला बसलेली असते. आता ते रोज तिला तेव्हा पाढे विचारतात. रडगाण्याऐवजी पाढे, वडीलही खूश. शुक्रवारी पहाटे खालच्या मजल्यावरचे केरळचे एक सर आणि हे मुत्राहच्या समुद्राकाठी फिरायला जातात, भाषा निम्मी हातवाऱ्यांची.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. जुलैच्या सुट्टीत आले तेव्हा परत जायचं नाही म्हणून अडून बसले होते, शेवटी घराच्या कर्जाचा हिशोब करून गेले, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

यंदा आखाजीला त्यांचा फोटो आला. ओमानमध्ये बहला गावची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, तसली एक घागर बाजारातून आणलेली, वर खरबूज, दोन आंबे, शेजारी केरळचे सर कौतुकाने बघत उभे. खाली लिहिलं होतं, "मॅडम, पाणी तुम्ही म्हटलं तसं गार होतच नाही, पण बा ना नावनी घागर भरी दिनी."

वडील मार्चमध्येच गेले होते.