बाक राहू द्या, कपाट काढा

प्रश्न : ताई, आमच्या वाड्यावर आम्ही काही निवृत्त मंडळी आणि कॉलेजची मुलं मिळून जुन्या पुस्तकांचं दुकान चालवतो. पगार कुणालाच नाही. विक्रीतून भाडं आणि वीजबिल निघावं, एवढीच अपेक्षा. पण आता पुस्तकं ठेवायला जागा उरलेली नाही, आणि दारालगतच्या बाकावर तेच ते चौघे संध्याकाळभर गप्पा मारत बसतात, घेत काहीच नाहीत. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, बाक काढून तिथे कपाट ठेवावं. पावसात पुस्तकांना बुरशी येते ते वेगळंच. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बाक अजिबात हलवू नका. जागाच हवी असेल तर एक कपाट कमी करा.

मी म्हापशात अशाच एका दुकानात शुक्रवारची पाळी सांभाळते. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. बसला वेळ असतो, हातात जड पिशव्या असतात, म्हणून बायका टेकायला आत येतात. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालू असताना कुणीतरी सुक्या बांगड्यांची पिशवी हमखास कादंबऱ्यांच्या कपाटाखाली सरकवतं, आणि मागून येणारं गिऱ्हाईक नाक मुरडत पुस्तकं चाळतं. त्यावर उपाय म्हणून आम्ही दाराबाहेर खुंट्या मारल्या. बायकांना बाहेर काढलं नाही. कारण टेकल्या टेकल्या त्यांचा हात शेजारच्या टोपलीत जातो. पाककृतींचं नाही तर व्रतकथांचं एखादं पुस्तक उचललं जातं, आणि पुढच्या बाजाराला ‘नातवासाठी चित्रांचं काही आहे का’ अशी विचारणा होते.

तुमचे ते चौघे विकत घेत नसतील, पण कुणाचं जुनं घर विकायला निघालंय, कुणाच्या माडीवरची पुस्तकं रद्दीत जाणार आहेत, हे वाड्यावर सगळ्यात आधी त्यांनाच कळणार. हात रिकामे दिसतात म्हणून राग येत असेल तर काम द्या. आतल्या पानावर पेन्सिलीने किंमत आणि आल्याची तारीख लिहिणं हे बसून करायचंच काम आहे. फाटलेली पुस्तकं मात्र सांभाळून द्या. माणसं प्रेमाने सेलोटेप चिकटवतात, ती पिवळी पडते आणि पान खाते. आमच्याकडे येणारे एक निवृत्त मास्तर मोरचूद घातलेली खळ घरून डबीत घेऊन येतात आणि पुठ्ठे शिवतात. पुस्तक आजवर एकही घेतलेलं नाही. त्यांना उठवायची माझी तरी हिंमत नाही!

आता जागेचं. जागा पुस्तकांनी भरलेली नाही, तुमच्या भिडेने भरली आहे. चवथीआधी अख्खा गोवा घरं झाडतो, रंगवतो, आणि मग पोतीच्या पोती आपल्या दारात येतात. अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं, जुन्या परीक्षांची गाइडं, विश्वकोशाचा एकच सुटा खंड, मुदत संपलेल्या संगणक प्रणालींची माहिती. हे घेणाऱ्याला नको आणि देणाऱ्यालाही नको, फक्त रद्दीत घालायचं पाप दुसऱ्याच्या माथी हवं. दारातच ‘नको’ म्हणायला शिका. आत आलेलं पुस्तक वर्षभर हललं नाही तर दहा रुपयांच्या खोक्यात, तिथेही पडून राहिलं तर रद्दीत. सरस्वती रागावत नाही.

काही दाते पुस्तकांच्या पोत्याबरोबर करसवलतीची पावतीही मागतात. त्यांना नम्रपणे सांगा की सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूंना नाही; तीही संस्थेला आयकर खात्याची मान्यता असेल तरच, आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर तेवढ्यालाही नाही.

एक अपवाद. १९६१च्या आधी गोव्यात छापलेलं काहीही, मग ते मराठी असो, पोर्तुगीज असो की रोमी लिपीतलं कोकणी, पन्नास रुपयांना विकून मोकळे होऊ नका. पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला आधी विचारा. १८३२ सालापासूनचं ते ग्रंथालय आहे. एखादी स्थानिक स्मरणिका किंवा देवस्थानाची पुस्तिका त्यांच्याकडे नसूही शकते.

बुरशीचं मूळ बहुतेक भिंतीत असतं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, आणि आपण कपाट तिलाच चिकटवतो. वीतभर पुढे ओढा. सगळ्यात खालचा खण जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिकामा ठेवा. खणात पुस्तकं ठासू नका, बोट जाईल एवढी सैल असू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर आतल्या आत कुजतील. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, ओल नाही. ओलीला वारा लागतो, म्हणून पंखा चालू ठेवा आणि वीजबिलावर कुरकुरू नका. बुरशी दिसली की ते पुस्तक ताबडतोब वेगळं काढा, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवा, आणि मग नाकाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशने झाडा. दुकानात झाडलंत तर कण शेजारच्या पुस्तकांवर बसतात. कडक उन्हात वाळत घालण्याची आपल्याकडची सवयही सोडा, जुना कागद तडकतो.

पत्रात नोंदणीचा उल्लेख नाही, म्हणून विचारते : भाडेकरार कुणाच्या नावावर आहे? एकाच्या नावावर असेल तर तो माणूस मुलाकडे पुण्याला राहायला गेला की दुकान बंद. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदवता येते. तेवढे तुम्ही आहातच. करार आणि बँक खातं संस्थेच्या नावावर घ्या, चेकवर दोघांच्या सह्या ठेवा. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, ती धास्ती नको. पण रोजची विक्री वहीत लिहा, अगदी दहा रुपयांचीसुद्धा. स्वयंसेवकांची भांडणं पैशांवरून कमी आणि न लिहिलेल्या पैशांवरून जास्त होतात.