मार्श हॅरियरचे फोटो काढायला गोव्यात कुठे जावे, आणि त्यासाठी ६०० मिमीची लेन्स घ्यावी का?

डिसेंबरात गोव्यात येताय, मार्श हॅरियर म्हणजे दलदली भोवत्या टिपायचाय, आणि आजवर मिळालेले सगळे फोटो पाठमोरे नि काळेकुट्ट आलेत, असं तुम्ही लिहिलंय. लेन्स घेऊ नका. तुमची १००-४०० मिमीची लेन्स पुरते. पाठमोरे फोटो पक्ष्याच्या मागे धावल्यामुळे येतात, ६०० घेऊन धावलात तर पाठ तेवढी मोठी दिसेल.

आधी जागा. बाहेरून येणारे बहुतेक जण रायबंदरहून फेरीबोटीने थेट चोडणच्या सलीम अली अभयारण्यात शिरतात. ते आहे खारफुटीचं रान. खंड्या, बगळे छान दिसतील, पण भोवत्याला लागतं मोकळं. चोडण आणि दिवाडी बेटांवरची खाजनं, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेली शेतं, हा त्याचा खरा मुलूख. पावसाळी भात कापून झालेलं असतं, खुंट उरलेले, मधे ओल, बेडूक नि उंदीर भरपूर. दुसरी जागा करमळीचं तळं, कोकण रेल्वेच्या स्टेशनाजवळच. तिथे बदकं, वारकरी (म्हणजे कूट, काळे पाणपक्षी), जांभळ्या पाणकोंबड्या असतात, त्यामुळे भोवत्याही असतोच.

आता मुख्य गोष्ट. हा पक्षी घारीसारखा उंचावर घिरट्या घालत बसत नाही. गवतावरून दोन-तीन मीटरांवर, पंख किंचित वर उचलून, उथळ 'व्ही' करून तरंगत जातो. शेताच्या टोकाला पोचला की वळतो. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना त्याचा वेग इतका मंदावतो की क्षणभर एका जागी लटकल्यासारखा वाटतो. वारा पाठीशी असला की सुसाट निघून जातो. म्हणजे तो तुमच्याकडे तोंड करून, सावकाश यायला हवा असेल तर वारा तुमच्या पाठीकडून वाहत असला पाहिजे. आणि इथे गोवा आपल्यावर मेहरबान आहे. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून वाहतो, ऊनही तिकडूनच. दुपारनंतर समुद्रावरचा पश्चिमेचा वारा सुटतो, सूर्यही तोवर पश्चिमेला कललेला. सकाळी शेताच्या पूर्वेच्या बांधावर, संध्याकाळी पश्चिमेच्या. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी, पक्षी समोरून येतोय, तोंडावर प्रकाश. एवढं जमलं की बाकीचं काम कॅमेऱ्याचं.

बांधावर बसा, उभे राहू नका. गाडी जवळ नेता येत असेल तर गाडीतूनच, खिडकीवर पिशवी ठेवून. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्यालाच ठरवू द्या), फोकस सतत पाठलाग करणारा. तपकिरी पक्षी उजळ आकाशावर आला की एक्सपोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, तुमचे काळे फोटो तिथेच सुधारतील. पिवळ्या खुंटांवरून उडत असेल तर वाढवू नका. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग कितीही महाग लेन्स असो, पिसं वितळल्यासारखी येतात. दहाच्या आत आटोपा आणि चहा-पावाला जा.

तळ्यावर असाल तर भोवत्याला शोधू नका, वारकऱ्यांवर नजर ठेवा. विखरून चरणारे काळे ठिपके एकाएकी गोळा होऊन पाण्याच्या मध्याकडे सरकायला लागले, अडया, म्हणजे शीळ घालणारी बदकं, ओरडत उठल्या, की कॅमेरा डोळ्याला लावायचा. मग लव्हाळ्यामागून तो येतो: मादी असेल तर चॉकलेटी अंग, डोक्यावर नि खांद्यांवर सायीच्या रंगाचा डाग, मान खाली, घुबडासारखा गोलसर चेहरा. थबकतो, लांब पिवळे पाय खाली सोडतो, आणि गवतात कोसळतो. बऱ्याचदा रिकामाच वर येतो. फोटो मात्र त्या पाय सोडण्याच्या क्षणाचा. राखाडी पंख नि काळी टोकं असलेला नर मला फार कमी वेळा दिसलाय, त्याच्या आशेवर सहल बेतू नका. घारीशी गल्लत होत असेल तर शेपूट बघा: घारीची खाचेची, याची नाही.

दोन सूचना. खाजनांचे बांध चिखलाचे असतात, मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फळ्यांच्या दारापाशी, कडेने चालू नका. कुंभारजुवेच्या कालव्याकाठी तर नकोच, तिथे मगरी आहेत. आणि अंधार पडताना भोवत्ये गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. ती जागा सापडली तर लांबूनच बघा, जवळ जाऊन उठवू नका, आणि फोटोसोबत ठिकाणही टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या उभ्या असतात.