५३ व्या वर्षी बाईने मसाल्याचा व्यवसाय सुरू करावा का? कर्ज मिळेल का, भांडवल किती लागेल, आणि कागदपत्रं मुलाच्या नावावर करावीत का?

ताई, तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: "घरचे म्हणतात, या वयात बँकेत हेलपाटे घालण्यापेक्षा सगळे कागद मुलाच्या नावावर कर, तू फक्त मसाले बघ." आधी त्याचंच उत्तर देते. करू नका. कर्ज, भांडवल वगैरे नंतर बोलू.

मला दोन मुली. मुलगा नाही, म्हणून आमच्याकडे कागद स्वतःच्या नावावर करून घ्यायला धाकटे दीर पुढे आले होते.

गडहिंग्लजच्या बाजूच्या एका मोठ्या गावात माझा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं मशीन. चटणी, म्हणजे वर्षाचं मसाल्याचं तिखट, कांडून देते. सुरू केला तेव्हा मी ५२ वर्षांची होते. गावात पूर्वी एक डंक होता. त्यांची मुलं पुण्याला गेली आणि म्हाताऱ्याने शटर ओढलं. मग उन्हाळ्यात आमच्या बायका भाजलेल्या मिरच्यांची पोती टेंपोत घालून तालुक्याला जायच्या, तिथे दिवसभर नंबर लावून बसायच्या, आणि घरी आल्यावर कुणाची तरी चटणी आपल्यात मिसळली म्हणून चडफडायच्या. हे दोन उन्हाळे बघितलं आणि एका रात्री जेवताना मी विषय काढला.

ह्यांची साखर कारखान्यातली नोकरी तेव्हा नुकतीच संपली होती. दीर शेजारीच राहतात, खताचं दुकान आहे, त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच होते. म्हणाले, "वहिनी, डंक म्हणजे काय पापड लाटणं हाय का? मोटर, पट्टा, थ्री फेज. तुम्ही नावाला गल्ल्यावर बसा. लायसन आणि कर्ज माझ्या नावावर काढू. तुमचं आता देवाधर्माचं वय." ह्यांनी आमटी वाढून घेतली. एक शब्द बोलले नाहीत.

मला पापडाचा राग आला नाही, हिशोबाचा आला. कारण याच भाऊजींच्या खताच्या दुकानाची उधारीची वही लग्नानंतर कितीतरी वर्षं मी लिहायचे. कुणाची ऊसबिलं कधी जमा होतात, कुणाकडे बैल विकल्यावर जायचं, कुणाला पुन्हा उधार द्यायचं नाही, हे मी सांगायचे आणि ते वसुलीला जायचे. त्याचा एक रुपया कधी मिळाला नाही, मी मागितलाही नाही, घरचंच होतं. पण त्या वहीला माझं बाईपण आडवं आलं नव्हतं. ते कर्जाच्या अर्जावर सही करताना आडवं आलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात गेले. त्या पोराने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तुमचं वय बसत नाही." त्याने काढली होती ती राज्य सरकारची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना, २०१९ ची. तिला तेव्हा वयाची अट होती १८ ते ४५, बायकांना ५ वर्षं सवलत. म्हणजे ५० झाली की बाईने रोजगार निर्माण करायचा नाही, नातवंडं सांभाळायची. पोराचा काय दोष, त्याला तेवढीच माहीत. संध्याकाळी भाऊजींना कळलं तर काय खूश झाले! "बघा, सरकारसुद्धा तेच म्हणतंय."

सांगलीतल्या धाकट्या मुलीने फोनवरच नियमावली वाचून काढली. केंद्राची योजना वेगळी आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासूनची. तिच्यात वय १८ च्या पुढे पाहिजे, वर मर्यादाच नाही. बाई म्हणजे विशेष गट, त्यामुळे स्वतःचे ५ टक्केच घालायचे. अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५. पुरुष खुल्या गटातला असेल तर त्याला ग्रामीणमध्ये २५ आणि शहरात १५, आणि स्वतःचे १० टक्के. आता सांगा, भाऊजींच्या नावावर कर्ज काढलं असतं तर फायदा कुणाचा होता? ही आकडेमोड मी त्यांना कागदावर करून दाखवली. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. अजून परत दिलेला नाही.

म्हणून ताई, मुलाच्या नावावर करायचा मुद्दा नुसत्या मानाचा नाही. मुलगा खुल्या गटातला असेल तर तुमच्या नावाला जे जास्तीचं अनुदान आहे ते त्याला मिळणार नाही. एवढं घरच्यांना ऐकवा, भावनेचं काही बोलू नका. आमच्याकडे भावनेला कुणी उत्तर देत नाही, आकड्याला द्यावं लागतं.

अनुदानाबद्दल एक गोष्ट कुणी धड सांगत नाही. ते हातात येत नाही. बँक आपल्याला प्रकल्पाच्या ९५ टक्के रक्कम कर्ज देते आणि सरकारचं अनुदान तिथेच ३ वर्षं ठेव म्हणून अडकवून ठेवते. त्या ठेवीवर व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. ३ वर्षांनी धंदा जागेवर चालू दिसला की ती रक्कम कर्जात वळती होते. "पस्तीस टक्के माफ" असं समजून उड्या मारणाऱ्या दोन बायका मला माहीत आहेत. पहिल्या हप्त्याला त्यांचे डोळे उघडले.

बँकेचं म्हणाल तर पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं, "तुमच्या साहेबांना घेऊन या." १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, तरी आडून आडून घराच्या उताऱ्याची चौकशी होते. आमच्या शाखेतल्या साहेबांनी विचारलं, "या वयात किती वर्षं चालवणार?" मी म्हटलं, सात वर्षांचं कर्ज आहे, फिटेल तेव्हा मी ५९ ची असेन. तुम्ही कितव्या वर्षी रिटायर होणार? त्यांनी फाईल पुढे ओढली. हे उत्तर तुम्हीही वापरा, माझी हरकत नाही.

इथे बाकीच्या उत्तरांत फाल्गुनी नायर यांचं उदाहरण सगळ्यांनी दिलंय. पन्नाशीला टेकल्यावर २०१२ मध्ये त्यांनी नायका ही सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी काढली, खरं आहे. पण त्या आधी कोटक महिंद्रा कॅपिटलच्या व्यवस्थापकीय संचालक होत्या. त्यांना बँकेत कुणी "साहेबांना घेऊन या" म्हटलं असेल असं मला वाटत नाही. उदाहरण हवंच असेल तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं घ्या. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. बँकेसाठी पुढे झालेल्या चेतना सिन्हांबरोबर त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. त्या बायकांनी मुलांच्या सह्या आणल्या नाहीत.

आता वयाचं. माझ्या धंद्यात वय कामाला येतं. डंकावर येणारी प्रत्येक गिऱ्हाईक बाई, आणि तिच्या पोत्यात घरातल्या माणसांची वर्षाची चटणी. ती मशीनपेक्षा माणूस बघते. मी मिरची मुठीत दाबून सांगते, ही अजून दमट आहे, उद्या ऊन दाखवून आण, नाहीतर चटणीला जाळी धरेल. पंचविशीतल्या पोराने हे सांगितलं तर त्याला कामाचा कंटाळा आलाय असं वाटतं. ब्याडगी रंगाला आणि जवारी संकेश्वरी तिखटाला हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणाच्या घरात सासऱ्यांचं पोट बिघडलंय आणि यंदा जवारी कमी घालायला पाहिजे, हे मला माहीत असतं. एकीची झाली की उखळ, चाळण पुसल्याशिवाय दुसरीची घालत नाही. वेळ जातो, जाऊ दे. तालुक्याला जाणाऱ्या बायका याच एका गोष्टीसाठी माझ्याकडे वळल्या.

गुडघ्यांचं मात्र खोटं सांगणार नाही. दुखतात. पोती उचलायला पहिल्या दिवसापासून माणूस ठेवला, उंच स्टूल करून घेतलं, आणि खकाणा उडतो म्हणून तोंडाला ओलं फडकं. पाळी जाण्याच्या दिवसांत अंगातून आधीच वाफा निघत होत्या, त्यात एप्रिलचं ऊन आणि मिरचीचा ठसका. त्या उन्हाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसरा सीझन संपला तेव्हा भाऊजी पुन्हा आले. पुतण्याला भागीदार करून घ्या म्हणाले, "तुम्हाला तेवढाच आधार." डंक चालायला लागला की आधार द्यायला लोकं येतात. वीजमीटर माझ्या नावावर, गाळ्याचा भाडेकरार माझ्या नावावर, कर्ज, चालू खातं, उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सगळं माझ्या नावावर. म्हणून मला "नको" म्हणता आलं. कागद त्यांच्या नावावर असते तर तेव्हा मला कुणी विचारायलाही आलं नसतं. पुतण्या गुणी आहे, सीझनला येतो, त्याला पगार देते. भाऊजींच्या घरची चटणीही माझ्याच डंकावर येते. गावाला जो दर तोच त्यांना, आणि उधारी नाही.

मुलाचं नाव कुठे घालायचंच असेल तर खात्याला नॉमिनी म्हणून घाला. मदत करत असेल तर पगारावर ठेवा, आणि दर महिन्याला द्या.

थोडं कामाचं. उद्यम नोंदणी २०२० पासून पोर्टलवर फुकट होते, आधार लागतं. त्याचे पैसे मागणाऱ्याला दारातून परत पाठवा. पाकिटं भरून विकणार असाल तर अन्न परवाना लागेल. मी काढला तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. महावितरणकडे अर्ज करताना औद्योगिक वर्गवारी मागा. मसाला गिरणी तिच्यात बसते. गाळा बाजारपेठेत आहे म्हणून व्यापारी दर लागला तर बिल भरताना जीव जाईल.

आता जे आधी सांगायला पाहिजे होतं ते. तुम्ही मसाले विकायचं विचारलंत आणि मी कांडपाचं सांगत बसले. दोन्ही सारखं नाही. कांडपात माल गिऱ्हाइकाचा, आपली फक्त मजुरी, त्यामुळे मिरचीचा भाव वर गेला तरी आपण बुडत नाही. पाकिटाच्या धंद्यात सीझनला मिरची आपल्या पैशाने भरून ठेवावी लागते, आणि दुकानदार पैसे देतो त्याच्या सवडीने. मी कांदा-लसूण चटणीची पाकिटं थोडी करते, ती ओळखीत संपतात. त्यावर घर चालवायची हिंमत मला झाली नसती. कांडपाचाही जोर फेब्रुवारीअखेर ते पाऊस पडेपर्यंत. हप्ता मात्र बाराही महिने असतो. दिवाळीत भाजणी, एरवी हळद, धणे, असं काहीतरी जोडीला लागतंच. आणि ह्यांचा फंड मी धंद्यात घातला नाही. तुम्हीही नवऱ्याचा घालू नका, दोघांचं म्हातारपण एकाच पिशवीत नको. योजनांचे नियम बदलतात, अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजं विचारून घ्या.

भांडवलाचा आकडा मी देत नाही. माझ्या मशीनचा तेव्हाचा भाव आज राहिलेला नाही, आणि तुमच्या गावचं गाळ्याचं भाडं मला ठाऊक नाही. पण मशीन बघायला जाल तेव्हा घरची एक किलो वाळलेली मिरची बरोबर न्या आणि समोर कुटायला लावा. कुटून झाल्या झाल्या हात घाला. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर रंग आणि वास दोन्ही गेले समजा. मग त्या चटणीतून एक लोहचुंबक फिरवा. नव्या मुसळाचा कीस पडत असेल तर चुंबकाला काळी पूड चिकटते. चिकटली तर ते मशीन घेऊ नका, विकणारा कितीही सूट देऊ दे.