कासाब्लांका अर्ध्या दिवसात: आधी एवढंच सांभाळा

पहिल्यांदाच जाताय ना? मग अजिबात घाबरू नका, गाइड सोबत असला की मोरोक्कोतलं हे शहर सोपं आहे. सगळं वेळापत्रक हसन दुसरा मशिदीभोवती बांधा. 1993 साली पूर्ण झालेली ही मशीद अटलांटिकच्या अगदी काठावर आहे, आणि मुस्लिमेतरांना आत फक्त ठरलेल्या वेळेच्या गाइडेड फेरीतच सोडतात. म्हणून सहलीचं बुकिंग करतानाच विचारा: आतलं तिकीट धरलंय का? नवखे हमखास इथेच फसतात आणि बाहेरून फोटो काढून परततात. शुक्रवार शक्यतो टाळा, नमाजामुळे फेऱ्या कमी असतात.

- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.
- आत बूट पिशवीत घालून हातात धरावे लागतात. मोजे घालाच.
- थोडे सुटे दिरहम (तिथलं चलन) जवळ ठेवा.

तळघरातली वुजूची (नमाजाआधी हातपाय धुण्याची) कमळाकार कारंजी बघितल्याशिवाय निघू नका, मला ती वरच्या दालनाइतकीच आवडतात.

उरलेल्या वेळात हबूस हा बाजाराचा भाग पुरे. तिथे बदामाचं सारण भरलेली, चंद्रकोरीसारखी काब अल गझाल ही मिठाई गरम पुदिना चहाबरोबर खा. त्याच सकाळी राजधानी रबातही उरकायचा मोह मात्र नको.