हार्मोनच्या गोळ्या घेऊ का?

प्रश्न : वय ६७, तासगाव. हे गेल्यापासून झोप नाही, पूजेतही मन लागत नाही. जाऊबाई म्हणतात, हार्मोनच्या गोळ्या घे.

उत्तर : ताई, नको. पाळी जाण्याच्या सुमारास आलेल्या नैराश्यात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा काहींना उपयोग होतो. साठीनंतर नव्यानं सुरू केलं तर पक्षाघाताचा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. आधी थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी करा. थायरॉईड मंदावला तरी असंच होतं, आणि ते तपासायचं राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं. सांगलीत मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, लाजू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. उतारवयात त्यांनी रक्तातलं सोडियम, म्हणजे क्षार, उतरू शकतं. चक्कर आली, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच दाखवा. जीव नकोसा वाटला तर रात्री-अपरात्रीही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.