‘ट्रॅक्टर’सारख्या इंग्रजी शब्दाला अचूक आणि जवळचे यमक कसे शोधावे?

आपला प्रश्न असा आहे की, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी उसाच्या गळीत हंगामावर इंग्रजीत एक छोटे गीत लिहिताना ‘ट्रॅक्टर’ हा शब्द ओळीच्या शेवटी आला. त्याला आपण ‘डॉक्टर’, ‘फार्मर’ आणि ‘शुगर’ जोडून पाहिले, पण सहकारी शिक्षकांनी ‘हे यमक होत नाही’ असे सांगितले. आणि इंटरनेटवर शोधले तेव्हा शब्दांची भली मोठी यादी हाती आली, तरी तिच्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे हे कळेना. मी कोल्हापुरातच महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि गॅदरिंगच्या दिवसांत हीच अडचण घेऊन अनेक जण माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ट्रॅक्टर’ आणि ‘डॉक्टर’ हे आपल्या कानाला जुळतात याला सबळ कारण आहे. मराठीत यमक जुळले की नाही हे आपण शब्दाच्या शेवटच्या अक्षरांवरून ठरवतो, आणि दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘क्टर’ आहे. इंग्रजीत मात्र यमक शब्दाच्या शेपटीपासून मोजत नाहीत, तर ज्या स्वरावर उच्चाराचा आघात, म्हणजे जोर, पडतो त्या स्वरापासून मोजतात. तो स्वर आणि त्याच्या पुढचे सगळे ध्वनी तंतोतंत सारखे असले, आणि त्या स्वराच्या लगेच आधी येणारे व्यंजन वेगळे असले, तरच अचूक यमक साधते. ‘ट्रॅक्टर’मध्ये आघात पहिल्या ‘ट्रॅ’वर आहे, म्हणजे जुळायला हवा तो भाग ‘ॲक्टर’ इतका मोठा आहे. ‘डॉक्टर’मध्ये तो ‘ऑक्टर’ होतो, ‘फार्मर’मध्ये ‘आर्मर’ होतो आणि ‘शुगर’मध्ये तर शेवटचा ‘अर’ सोडून काहीच हाती लागत नाही. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नसल्यामुळे आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण इंग्रजी यमकाचा शोध आघात कुठे आहे या एकाच प्रश्नापासून सुरू करावा लागतो.

एकदा ‘ॲक्टर’ हा तुकडा हाती आला की कोशाशिवायही पुष्कळ काम होते. त्याच्या आधी एकेक व्यंजन आणि जोडाक्षर ठेवून मोठ्याने म्हणत जावे: बॅक्टर, डॅक्टर, फॅक्टर, गॅक्टर. बहुतेक शब्द निरर्थक निघतील, पण ‘फॅक्टर’ सापडेल, आधी काहीच न ठेवता ‘ॲक्टर’ सापडेल, आणि सुरुवातीला आघात नसलेले अक्षर जोडले की ‘रिॲक्टर’ आणि ‘कम्पॅक्टर’ही सापडतील. ही सगळी अचूक यमके आहेत.

इथे एक बारकावा आहे, आणि यादी देणारी साधने त्याकडे अनेकदा काणाडोळा करतात. ‘प्रोट्रॅक्टर’ म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक, किंवा ‘डिट्रॅक्टर’ म्हणजे निंदक, हे शब्द ‘ट्रॅक्टर’शी इतके जुळतात की इंग्रजी काव्यशास्त्र त्यांना अचूक यमक मानायला तयार होत नाही, कारण आघाताच्या स्वराआधीचे ‘ट्र’सुद्धा तेच आहे. तिथे याला पुनरुक्ती समजतात. आपल्याकडची परंपरा नेमकी उलटी आहे. १७२९ साली इथून जवळच, पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांची ख्याती ज्या यमकांसाठी आहे, त्यांत तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे हेच कौशल्य समजले जाते. त्यामुळे मराठी संस्कारात वाढलेल्या माणसाला ‘ट्रॅक्टर–प्रोट्रॅक्टर’ ही जोडी अतिशय देखणी वाटते, आणि मुलांच्या गीतात ती वापरायला माझी हरकत नाही. मात्र आपल्या सहकाऱ्यांना ती का खटकेल हे आधी ठाऊक असावे.

आता जवळच्या यमकांविषयी. मला स्वतःला हा भाग सर्वात आवडतो, कारण इथे आपली वर्णमाला इंग्रजी शिकणाऱ्या कुणाहीपेक्षा आपल्याला अधिक मदत करते. जवळच्या यमकात आघाताचा स्वर तोच ठेवायचा आणि पुढचे व्यंजन त्याच्या जवळच्या नातेवाइकाने बदलायचे असते. हे नातेवाईक कोण, ते वर्णमालेचा तक्ता आडवा न वाचता उभा वाचला की समोर येतात. पहिल्या स्तंभात क, ट, प एकाखाली एक आहेत, तिसऱ्यात ग, ड, ब आहेत आणि पाचव्यात ङ, न, म ही अनुनासिके आहेत. एका स्तंभातली व्यंजने एकमेकांच्या जागी आली तर ऐकणाऱ्याचा कान फारशी तक्रार करत नाही. ‘ट्रॅक्टर’मधल्या ‘क’च्या जागी त्याच स्तंभातला ‘प’ ठेवून पाहा: ‘चॅप्टर’ मिळतो, ‘रॅप्टर’ मिळतो, आणि मोबाइलच्या चार्जरमुळे घरोघरी पोचलेला ‘ॲडॅप्टर’ मिळतो. गाताना आघाताचा स्वर लांबवला जातो आणि पुढच्या व्यंजनांतला फरक आणखी बुजतो, म्हणून ‘ट्रॅक्टर–चॅप्टर’ ही जोडी कागदावर अपुरी वाटली तरी तालावर चांगली उभी राहते. आपले गीत कारखान्यापर्यंत जाणारच, तेव्हा ‘फॅक्टरी’ही याच गटात धरावा, त्याच्या शेवटी एक जादा स्वर आहे, पण आघाताचा भाग पूर्ण जुळतो.

याउलट ‘डॉक्टर’, ‘सेक्टर’, ‘व्हिक्टर’ यांत व्यंजने तीच आणि स्वर वेगळा आहे. हाही जवळच्या यमकाचाच प्रकार आहे, पण तो कमजोर आहे, आणि लहान मुलांच्या समूहगीतात तो ऐकूच येत नाही. मी तो शक्यतो टाळते.

इंटरनेटवरच्या यादीबद्दल सांगायचे तर, ती कशी तयार होते हे कळले की तिच्यातून निवड करणे सोपे जाते. अनेक यमकशोधक साधनांच्या मुळाशी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश आहे. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द ३९ ध्वनींच्या खुणांनी लिहिलेले आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे एक अंक आहे: मुख्य आघाताला १, दुय्यम आघाताला २ आणि आघात नसेल तर ०. संगणक आघाताच्या स्वरापासून शेवटपर्यंतच्या खुणा घेतो आणि तशाच खुणांनी संपणारे शब्द गोळा करतो. स्पेलिंगशी त्याला काहीही देणेघेणे नसते, आणि ते योग्यच आहे, कारण ‘व्हीट’, ‘ग्रेट’ आणि घाम या अर्थाचा ‘स्वेट’ या तिन्हींच्या स्पेलिंगच्या शेवटी ई-ए-टी असूनही त्यांतल्या कोणत्याही दोघांचे यमक होत नाही.

परंतु तो कोश उत्तर अमेरिकेच्या उच्चारांचा आहे, आणि आपली मुले तसे बोलत नाहीत. अमेरिकन माणूस ‘ॲफ्टर’, ‘लॅफ्टर’, ‘मॅस्टर’ असे म्हणतो, त्यामुळे ‘ट्रॅक्टर’च्या जवळच्या यमकांत हे शब्द यादीत दिसतील. कोल्हापूरच्या वर्गात मात्र ‘आफ्टर’, ‘लाफ्टर’ आणि ‘मास्टर’ असेच ऐकू येते. तिथे आघाताचा स्वरच बदलला, मग उरले काय? ‘कॉन्ट्रॅक्टर’चा आघातही अमेरिकेत पहिल्या अक्षरावर आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्यावर पडतो. म्हणून यादीतला प्रत्येक शब्द गाणाऱ्या मुलांपैकी एखाद्याकडून म्हणवून घ्यावा आणि जो त्याच्या तोंडी जुळतो तोच ठेवावा. इंग्रजी गीतकार दोन शब्दांचे मिळूनही यमक करतात, जसे ‘ट्रॅक्टर’ला ‘बॅक्ड हर’, म्हणजे गाडी मागे घेतली. पण ते ‘हर’मधला ‘ह’ गिळल्याशिवाय साधत नाही, आणि आपली मुले तो स्पष्ट उच्चारतात.

एवढे करूनही ‘ट्रॅक्टर’ला अर्थाने शोभणारे शब्द थोडेच मिळतात. ‘ॲक्टर’ आणि ‘रिॲक्टर’ उसाच्या फडात आणायचे कसे? अशा वेळी ओळच फिरवावी, ‘ट्रॅक्टर’ मध्यावर घ्यावा आणि शेवटी ‘केन’ आणावा. ‘केन’ला रेन, लेन, ट्रेन, ग्रेन, चेन अशी अचूक यमके हवी तेवढी आहेत, आणि पाचव्या स्तंभातला ‘न’ सोडून ‘म’ घेतला की नेम, गेम, फ्लेम ही जवळचीही मिळतात. पाऊस, गल्ली आणि धान्य हे सगळे आपल्या विषयातलेच आहे.

तरीही ‘ट्रॅक्टर’ शेवटीच हवा असेल, तर जोडीतला ओढून आणलेला शब्द आधीच्या ओळीत टाकावा आणि ‘ट्रॅक्टर’ नंतरच्या ओळीत आणावा. आधी ‘चॅप्टर’ येऊन गेला आणि मग ‘ट्रॅक्टर’ आला, तर ऐकणाऱ्याला दुसरा शब्द सहज आला असे वाटते. हाच क्रम उलटा केला तर ‘चॅप्टर’ केवळ यमकासाठी आणला हे लगेच कळते.